तोटीचे माठ

१९७४ साल, होळीच्या आधीचा रविवार. रक्कम सात रुपये, दोन माठांचे. हजर तिघं: मी, माझे धाकटे दीर विलासभावजी, आणि माठ विकणारी चंद्राक्का कुंभारीण.

माठ घेतले ते पाण्यासाठी नव्हेत, गाण्यासाठी. भावजी अंगणात उकिडवे बसून एकेका माठाला कान लावायचे, बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि बाजूला ठेवायचे. चंद्राक्काचं निम्मं अंगण वाजवून झाल्यावर ती म्हणाली, "आरं, माठ घेतोस का तबला?"

"तबलाच घेतोय आक्का. पोटात आवाज घुमाय पायजे."

"आन् गळला तर म्होरं माज्या नावानं वरडत येशील."

"न्हाई येत. पाणी घालणारच न्हाई त्यात."

चंद्राक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "ऐकलंस का गं? माठात पाणी घालणार न्हाई म्हनं. तुज्या सासूला ठावं हाय का ह्ये?"

सासूला ठाऊक नव्हतं. सात रुपये मी माझ्या माहेरच्या पैशांतून दिले होते. माठ काखेला लावून आम्ही दोघं मळ्याच्या वाटेनं परत आलो. गुऱ्हाळं चालू होती. उकळत्या रसाचा वास वाटेवर दाट होऊन बसला होता, आणि चालताना रिकाम्या माठांच्या तोंडात वारा शिरून हूं हूं असा आवाज येत होता. भावजी मध्येच थांबले. "वहिनी, ऐका. ह्योच. ह्योच आवाज पायजे."

हे सगळं आता डोक्यात फिरायला लागलं ते एका लाकडी रुळामुळं. गेल्या पंधरवड्यात साताऱ्यातल्या आमच्या घराला रंग काढला. माळा रिकामा करताना रंगाऱ्यानं गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू खाली दिली आणि विचारलं, "बाई, शेवयाचं यंत्र हाय काय?" जाड लाटण्यासारखा बाभळीचा रूळ. त्याच्यावर तिरक्या ठोकलेल्या पितळी पट्ट्या, हिरव्या पडलेल्या. एका टोकाला परातीएवढं लाकडी चाक. मी चिंच लावून एक पट्टी घासली. पितळ उजळलं आणि हाताला तो जुना वास आला, पितळेचा आणि जळक्या राळेचा मिळून. तेव्हापासून मन कशात लागत नाही. भाजी चिरायला घेते आणि अर्ध्यात उठून गॅलरीत जाते. तिथं काही काम नसतं. परत येते. रंगाऱ्याचे पैसे चुकते केले, भांडी जागच्या जागी लावली, तरी घरात काहीतरी लावायचं राहिलंय असं वाटत राहतं.

उंब्रजच्या अलीकडं हमरस्त्यापासून आत आमचं गाव. मी सांगलीची. वडील हळदीच्या अडत दुकानात हिशोबाला होते, त्यामुळं आकडेमोड माझ्या हाताला लहानपणीच लागली. लग्न होऊन त्या घरी आले तेव्हा आमचे हे फौजेत होते, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. घरात सासरे, म्हणजे नाना. तेही फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, अजून पहाटे उठून दाढी करणारे. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. आणि विलासभावजी. बावीस वर्षांचे, सडपातळ, उजव्या हाताच्या बोटांवर कायम चटक्यांचे डाग.

गोठ्याला लागून एक खोली होती. तिथं कडब्याच्या पेंढ्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला भावजींचा संसार. मोडक्या रेडिओंची पोटं, तारांची वेटोळी, पत्र्याचे डबे, आणि तारा जोडायला निखाऱ्यात तापवायची तांब्याची जाड सळी, तिला ते डाग म्हणायचे. डाग लाल झाला की ते तो राळेत टेकवायचे, भस्सकन पांढरा धूर यायचा, मग शिशाचा थेंब चमकत तारेच्या टोकावर बसायचा. त्या धुराला गोडसर, देवळातल्या धुपाच्या जवळ जाणारा वास होता. पलीकडं म्हैस फुरफुरायची. आत्ती म्हणायच्या, "म्हशीला खोकला ह्याच्या धुरानं." पण बोलता बोलता त्याच निखाऱ्यात दोन कांदे भाजायला टाकून जायच्या, एक त्याच्यासाठी.

एका जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हवर त्यांनी ॲम्प्लिफायर बांधला होता. त्याला खोकं नव्हतं. चालू केला की काचेच्या नळ्यांमधून नारिंगी उजेड हळूहळू वर यायचा, आधी काहीच ऐकू यायचं नाही, मग बारीक गुणगुण सुरू व्हायची. त्या गुणगुणीसाठी आम्ही थांबायचो. भावजी बोट ओठावर ठेवायचे. गुणगुण आली म्हणजे जीव आला. त्यानंतर स्पीकरमधून गाणं निघायचं ते मात्र पत्र्यावर वाळू सांडावी तसं, किरटं. कागदी स्पीकर खोक्यात बसवून झाला, पिंपात झाला. सांगलीला माझ्या माहेरी आले असताना भावजींनी बाजारपेठेतल्या एका चहाच्या हॉटेलात माठाच्या तोंडावर उपडा बसवलेला स्पीकर ऐकला. त्या दिवशी ते चार कप चहा प्यायले. घरी आल्यावर जेवले नाहीत. "वहिनी, मातीच्या पोटातनं आवाज काय येतो हो! छातीवर कुणी हात ठेवल्यागत."

दिव्यांचं गणित माझ्याकडं होतं. छोटे बॅटरीचे दिवे, सहा व्होल्टचे. एकामागं एक जोडले तर किती जोडायचे म्हणजे घरच्या विजेवर जळणार नाहीत, हे त्यांनी विचारलं आणि मी पिठाच्या हातानं भिंतीवर लिहिलं.

"अडतीस सक दोनशे अठ्ठावीस. लाइन किती व्होल्टची?"

"दोनशे तीस. कागदावर."

"मग दोनचा फरक."

"दोनानं काय मरत न्हाई दिवा. आपल्या गावात दोनशे तीस यील त्या दिवशी म्या पेढं वाटीन."

सहा माळा करायच्या होत्या. म्हणजे दिवेही दोनशे अठ्ठावीसच. आकडा दोन्हीकडून सारखा आला याचा मला झालेला आनंद मी कुणाला सांगितला नाही, पण तो अजून आठवतो. एकेक दिवा रंगीत लाखेत बुडवून आम्ही तो कडब्याच्या काडीला खोचून वाळवायचो. लाल, पिवळा, निळा. संपूर्ण खोली त्या उग्र वासानं भरायची, डोकं जड व्हायचं, आणि दारातून ऊन आलं की काड्यांवर ओळीनं थेंब पेटल्यासारखे दिसायचे.

माळा पळत्या दिसाव्यात यासाठी तो रूळ. सुतारानं कातून दिला. टेबलफॅनच्या जुन्या मोटरीला शिवणयंत्राचा पट्टा, पट्टा मोठ्या लाकडी चाकावर, चाकाबरोबर रूळ फिरायचा. रुळावरच्या पितळी पट्ट्यांना सहा बारीक पत्र्याच्या जिभा चाटत जायच्या. ज्या जिभेखाली पितळ आलं ती माळ पेटायची, लाकूड आलं की विझायची. टक टक टक असा कोरडा आवाज, आणि प्रत्येक ‘टक’ला निळी ठिणगी.

एवढ्या सगळ्या खटाटोपाला त्या वर्षी एक अट लागली होती.

नानांना भावजी फौजेत जायला हवे होते. थोरला गेला, धाकट्यानं जावं, इतकं सरळ. चैत्रातल्या जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी साताऱ्यात भरती होती. भावजींनी होकाराची मान हलवली नाही. ओसरीवर जे बोलणं झालं ते मी आतून, चुलीपुढून ऐकलं.

"रेडिओ उघडून पोट भरतं व्हय रं? पोरगी कोण दील तुला?"

"नाना, कराडचा बत्तीवाला दरसाल जत्रंला येतो. दिवे, भोंगा लावतो, पैसं घेऊन जातो. त्येचं पोट भरतंय न्हवं?"

"त्यो धंदा करतोय. तू खेळतोयस."

"मग औंदा जत्रंची बत्ती माझ्याकडं द्या. तात्यांना सांगा."

तात्या म्हणजे देवस्थान समितीचे मुख्य. नानांचा शब्द त्यांच्याकडं चालायचा. नाना म्हणाले, "सांगतो. छबिना निघाल्यापासनं देवळाला फेरी मारून पालखी आत जाईस्तोवर तुझी बत्ती थांबली न्हाई, तर भरतीचं नाव काढणार न्हाई. मधी थांबली, तर तिसऱ्या दिवशी पैल्या गाडीनं सातारा. न बोलता."

"कबूल."

"न बोलता म्हणालो मी."

"व्हय नाना. कबूल."

म्हणून ते दोन माठ. आणि पहिली ठेच त्या माठांनीच दिली.

स्पीकर माठाच्या तोंडावर घट्ट बसवायचा तर आतली तार बाहेर यायला वाट हवी. भावजींनी चंद्राक्काकडंच भोक मागितलं होतं. ती नको म्हणाली होती, "भोक माज्या हातानं पडायचं न्हाई," एवढंच. कारण सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. घरी येऊन भावजींनी हातानं फिरवायच्या गिरमिटानं, पाण्याचा थेंब थेंब सोडत, माठाच्या खांद्यावर करंगळीएवढं भोक पाडलं. माठ तडकला नाही याचं मला कौतुक. दुसराही झाला. दोन्ही वाळायला उंबऱ्याशी ठेवले.

आत्ती वैरणीचा भारा घेऊन आल्या. डोक्यावर भारा तसाच. त्यांनी माठांकडं पाहिलं आणि भारा डोक्यावरून सोडूनच दिला. अंगणभर गवत पांगलं.

"कुणी पाडलं?"

"आये, तार काढायला..." भावजी बोलायला लागले.

"कोऱ्या मडक्याला भोक कवा पाडत्यात, ठावं हाय का तुला?"

मग आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं. खांद्यावर पाण्याचं मडकं, त्याला दगडानं पाडलेलं भोक, आणि मुलगा चितेभोवती फिरतो. कोऱ्या मडक्याला भोक तेवढ्यासाठीच पाडतात. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं, बायका स्मशानात जात नाहीत. भावजींनी चुलत्याच्या वेळी पाहिलेलं होतं. पण माठ हातात घेतल्यापासून त्यांना त्यात फक्त आवाज दिसत होता.

"थोरला तकडं सरहद्दीवर," आत्ती म्हणाल्या, "आन् तू उंबऱ्यात दोन दोन मडकी मांडलीस. दोन."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. गवत गोळा करायला बसल्या, आणि एकेक काडी वेचत राहिल्या. मला त्यांचं ते वेचणं बघवेना. यांचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. त्या दिवसापासून टपालवाल्याची सायकल दिसली की मी दारामागं सरायची, आणि सायकल पुढं निघून गेली तरी बाहेर यायची नाही. अंधश्रद्धा म्हणा. मी तेव्हाही शिकलेली होते, गणितात पहिली यायची. तरी दारामागं सरायची. पत्र पुढं आलं, हे सुखरूप होते, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक.

बातमी गावभर झाली. तात्या येऊन म्हणाले, "विलास, दिवे लाव बाबा. पर असली मडकी देवाच्या दारात न्हाई चालायची. लोक मला फाडून खातील." नाना ओसरीवर होते. ते म्हणाले, "झालं. माळांचं बी काय हुतंय बघू." आणि घमेल्यात पाणी घेऊन बूट घासायला बसले. फौजेतले बूट. ते बूट त्यांच्या पायातले नव्हते, भावजींच्या मापाचे आणून ठेवलेले.

भावजी खोलीत जायचे, काही हात न लावता बाहेर यायचे. पुन्हा जायचे. रात्री जेवताना घास हातात धरून बसायचे. म्हैस फुरफुरायची थांबली, धूरच नव्हता. मलाही ती शांतता लागत होती. गुणगुण नसलेलं घर.

आत्तींचा एक नेम होता. उन्हाळा लागला की एसटीच्या थांब्यावरच्या पाणपोईचा रांजण त्या रोज सकाळी भरायच्या. त्या आठवड्यात मीही घागर घेऊन बरोबर गेले, घरात बसवत नव्हतं म्हणून. थांब्यावर एक म्हातारा तोटीखाली ओंजळ धरून पाणी पीत होता. पितळी तोटी, रांजणाच्या बुडाशी. आत्तींची घागर निम्मी ओतून झाली होती. त्या मध्येच थांबल्या.

"ह्येला बी भोकच हाय की गं."

"कशाला?"

"रांजणाला. तोटी भोकातच बसवलीया न्हवं? म्या इतकी वर्सं भरतीया, कवा ध्यानात न्हाई आलं."

त्या रांजणावरून हात फिरवत होत्या, तोटीच्या कडेनं.

"पर ह्ये येगळं," त्या म्हणाल्या. "ह्ये वल्ल्या मातीत पाडल्यालं. भाजायच्या आदी. मडकं जल्मलं तवाच ह्येला तोंड दिलंय. ते मागनं फोडल्यालं." आणि उरलेली घागर ओतून, पदरानं हात पुसत, घराकडं न जाता कुंभारवाड्याकडं वळल्या. मी रिकाम्या घागरी घेऊन मागोमाग.

"चंद्रे," आत्ती लांबूनच म्हणाल्या, "तोटीचं दोन माठ पायजेत. पोटानं मोठं."

चंद्राक्का चाकावर होती. हात चिखलात. ती हसली. "तबल्याला का?"

"तबल्याला."

"मग त्या पोरानं आदीच का न्हाई सांगितलं तोटीचं दे म्हणून? म्या काय नगं म्हणाले असते?"

"त्येला ठावं असतं तर कशाला झालं असतं ह्ये."

"आन् भोंग्यासाठी हायेत म्हणून दाम वाडीव लावीन म्हणते."

"लाव. तुज्या दारात बी जत्रंचं गाणं ऐकू यील, त्येचं आमी किती घ्यायचं ते बी सांग."

चाकावर मातीचा गोळा होता. ओला, काळसर. चंद्राक्काच्या बोटांतून माठाची भिंत वर चढताना बघितली ती पहिल्यांदा आणि शेवटचं. बुडाशी तिनं वेताची काडी फिरवून भोक कातलं, करंगळी घालून कड गुळगुळीत केली. ओल्या मातीचा थंड वास, पलीकडं भट्टीचा राखेचा वास. दोघी म्हाताऱ्या, आता मोजलं तर दोघीही तेव्हा आज मी आहे त्याच वयाच्या, एका भोकावर वाकलेल्या.

माठ भट्टीतून निघाले तेव्हा एकाला बारीक चीर होती. चंद्राक्का म्हणाली पाणी धरणार नाही. भावजी म्हणाले, "आवाज धरतोय का बघतो." ठोकून पाहिला. धरत होता.

संध्याकाळी अंगणात पहिल्यांदा लावला. आत्ती भाकरी थापत होत्या, नाना ओसरीवर पाठ करून. नळ्या नारिंगी झाल्या. गुणगुण आली. मग माठाच्या पोटातून एक ओळ निघाली, कुठल्या गाण्याची ते आता सांगता येत नाही, रेडिओवर जे लागलं होतं ते. आवाज मोठा नव्हता. पण तो जमिनीतून आला. माझ्या तळपायांना कळला. भाताच्या पातेल्यावरचं झाकण बारीक थरथरलं. आत्तींचा हात परातीत थांबला. नाना वळले नाहीत, पण डोकं थोडं तिरकं केलं.

जत्रेचा दिवस. देवळाच्या दीपमाळेच्या दोन बाजूंना दोन माठ; तोटीचे आहेत म्हटल्यावर तात्यांनीही मान डोलावली होती. माळा शिखरापासून महाद्वारापर्यंत. रूळ, मोटर आणि नारिंगी नळ्या दीपमाळेच्या मागं, गोणपाटाच्या आडोशात. गावानं ठरवलं होतं की त्या दिवशी कुणीही उसाला पाणी द्यायची मोटार चालू करायची नाही, म्हणजे देवळाला वीज भरपूर मिळेल. जत्रेपुरता हा नेम सगळे पाळायचे. दुपारी भावजींनी लाइन तपासली आणि हसले. "वहिनी, दोनशे बावीस! पेढं निम्मं तरी वाटाय पायजेत."

दिवेलागणीला पालखी उठली. ढोल, गुलाल, खोबऱ्याच्या वाट्यांचा वास, आणि माळा पळायला लागल्या. लाल, पिवळा, निळा, शिखरावरून खाली धावत येणारे. लोकांनी हो असा आवाज केला. बायका पोरांना वर उचलून दाखवत होत्या. कराडच्या बत्तीवाल्याच्या माळा नुसत्या जळायच्या. या चालत होत्या. मी आडोशाच्या तोंडाशी उभी होते.

पालखी निम्म्या फेरीत असताना दिवे लालसर पडले. गाणं बसलं. आमच्या गावानं मोटारी बंद ठेवल्या होत्या, पण त्याच तारेवर पलीकडचं गाव होतं, आणि त्यांना आमच्या जत्रेचं काय. संध्याकाळची पाण्याची पाळी आली तशा त्यांनी मोटारी चालू केल्या. टेबलफॅनची मोटर हूं करून थांबली. टकटक बंद. एक माळ तेवढी लाल, स्थिर. बाकी अंधार.

भावजींनी एक श्वास घेतला असेल. पट्टा काढून फेकला आणि लाकडी चाक दोन्ही हातांनी धरून फिरवायला लागले. चाक लाकडाचं म्हणून धरता आलं. माळा पुन्हा पळाल्या, मंद, पण पळाल्या. सुरुवातीला वेडंवाकडं, कधी जोरात, कधी अडखळत. चाकाची कड खरबरीत होती. थोड्या वेळानं कडेवर ओलं दिसायला लागलं. मी म्हणाले, "भावजी, मी धरते." ते म्हणाले, "साडी अडकंल. लांब व्हा."

गोणपाट बाजूला झालं. नाना. अंगावर गुलाल, हातात पालखीच्या मानाची काठी. त्यांनी खाली पडलेला पट्टा पाहिला, थांबलेली मोटर पाहिली, मग भावजींचे हात. भावजींनी मान वर केली नाही, चाकही सोडलं नाही.

"मोटर बंद पडली, नाना," ते म्हणाले. "मी फिरवतोय म्हणून दिसतंय." लपवता आलं असतं. बाहेरून कुणाला कळत नव्हतं.

नानांनी काठी माझ्या हातात दिली. खाली बसले, मांडी घातली.

"सरक."

"नाना..."

"सरक म्हणालो. वेडंवाकडं फिरवतोयस. बाहेरनं बघवंना."

त्यांनी चाक धरलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणायला लागले, "एक, दो, एक. एक, दो, एक." परेडचा ठेका. माळा त्या ठेक्यावर आल्या. शिखरावरून खाली रांगेनं, कवायतीत, लाल, पिवळा, निळा. मोटरीपेक्षा सरळ. गाणं अर्धमेलं, पण माठांच्या पोटातून धिमं घुमत राहिलं. पालखी फेरी पुरी करून आत गेली. घंटा झाली. नानांनी चाक सोडलं, उठून धोतर झटकलं आणि माझ्या हातातली काठी घेऊन निघून गेले.

तो ठेका मी काल घरात धरून पाहिला. रूळ ओट्यावर ठेवून, चाकाला हात लावून. जिभा नाहीत, तारा नाहीत, माळा कधीच्या गेल्या. लाकूड लाकडावर घसरण्याचा आवाज तेवढा. एक, दो, एक. नाना आता नाहीत, आत्ती नाहीत, त्या थांब्यावरचा रांजणही नाही, तिथं प्लास्टिकची टाकी आली. बाजारात तयार माळा मिळतात. गेल्या गणपतीला मीही आणल्या. खोक्यातून काढून खिळ्याला अडकवल्या की झालं, कुणाला भिंतीवर गणित लिहावं लागत नाही. त्या किती छान पळतात, अगदी आवाज न करता. त्या टकटकीशिवाय मला त्या पळताना दिसतच नाहीत. मी टक लावून बघते आणि उठून जाते.

जत्रेनंतरचे दोन दिवस घरात कुणी भरतीचं बोललं नाही. बूट ओसरीवर होते. भावजींचे हात मी तूप-हळद लावून बांधले होते, त्यांना घास धरता येत नव्हता. आत्ती भरवायच्या आणि दोघंही एकमेकांकडं बघायचे नाहीत. बत्ती थांबली होती का? थांबली होती, श्वासभर. अट साधी होती, तिच्यात श्वासभराची सूट नव्हती. भावजींनी ते माझ्याहून आधी मोजलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापडी पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल आणि शाळेचा दाखला भरून ठेवला. खोलीचं दार ओढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना नाना आंघोळ करून, कोट घालून अंगणात उभे. आत्तींनी पिठलं-भाकरी बांधली. भावजी पिशवी घेऊन बाहेर आले, न बोलता, ठरल्याप्रमाणं. बूट घालायला वाकले.

"ते ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "चपला घाल. तात्याकडं जायचंय."

"तात्याकडं? गाडी..."

"गाडी गेली तर गेली. बत्तीचं पैसं आणायचं न्हाईत का? का फुकट लावलीस?"

दोघं गेले. हमरस्त्यावरून पहिली गाडी गेल्याचा आवाज आम्हा दोघींना ओसरीवर ऐकू आला. आत्ती भाकरीचं गठुडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते सोडलं, परत बांधलं, परत सोडलं.

परत आले तेव्हा तात्या बरोबर होते. त्यांनी साठ रुपये नानांपुढं धरले, घरातला कर्ता म्हणून. नानांनी हात मागं घेतला.

"माझ्याकडं कशाला? धनी त्यो हाय."

तात्यांनी ते भावजींच्या पट्टी बांधलेल्या हातांवर ठेवले. भावजी तसेच उभे, नोटा ओंजळीत. तात्या गेल्यावर नाना ओसरीवर टेकले, कोटाची बटणं सोडली.

"माझी मजुरी?"

"कसली, नाना?"

"चाक फिरवल्याली. निम्मी फेरी मी वढलीया. दुसऱ्या कुनाला लावला असतास तर फुकट फिरवली असती त्येनं?"

भावजींनी माझ्याकडं पाहिलं, मी आत्तींकडं. आत्ती पदर तोंडाला लावून आत वळल्या.

"किती द्यू?"

"रोजगार काय चाललाय त्यो दे. मी जास्ती मागत न्हाई."

दोन रुपये विलासभावजींनी दिले. नानांनी ते घेतले, नोट उलटीसुलटी करून पाहिली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.